एल्कसाठी मॅग्नम रायफलमध्ये कोणती गोळी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोलोरॅडो, वायोमिंग, मोंटाना, वॉशिंग्टन या राज्यांत राहणारी, हंटर एज्युकेशनचा कोर्स करून एल्कचा (सांबराच्या जातकुळीतलं मोठं अमेरिकी हरीण) टॅग, म्हणजे एक जनावर मारण्याचा परवाना, मिळवलेली मराठी मंडळी आता थोडीथोडकी राहिलेली नाहीत. रायफल घेऊन झालेली असते, बहुधा .३०० विन्चेस्टर मॅग्नम किंवा ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम, म्हणजे जास्त दारूच्या, जास्त वेगाच्या काडतुसाची. मग दुकानात काडतुसांच्या मांडणीसमोर उभं राहिलं की डोकं चक्रावतं. एकाच रायफलची वीस तऱ्हेची खोकी, आणि प्रत्येकावर एल्कचंच चित्र. खालची उत्तरं त्या मांडणीसमोर उभ्या असलेल्यांसाठी आहेत. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झालेली आहे, त्यामुळे इथलं सगळं अमेरिकेतल्या परवान्याच्या शिकारीपुरतं. आणि इथे गोळी म्हणजे पूर्ण काडतूस नव्हे, सावजापर्यंत पोचतो तो टोकाचा तुकडा.

एल्कला मॅग्नम लागतेच का?

नाही. .३०-०६ आणि .२७० या मॅग्नम नसलेल्या रायफलींनी कित्येक पिढ्यांची फ्रीझर भरलेली आहेत. मॅग्नम घेतल्याने त्याच वजनाच्या गोळीला सेकंदाला दोन-अडीचशे फूट जास्त वेग मिळतो, लांबवर गोळी कमी खाली पडते आणि वाऱ्याने थोडी कमी ढळते. एवढाच फायदा. त्याची किंमत खांदा मोजतो, आणि गोळीही मोजते.

गोळी कशी काय मोजते? वेग जास्त म्हणजे चांगलंच ना?

लांबवर चांगलं, जवळ नाही. नवशिक्यांचा गोंधळ नेमका इथे होतो. मॅग्नम म्हटली की सगळे पाचशे यार्डांची काळजी करतात. प्रत्यक्षात ऑक्टोबर-नोव्हेंबरात एल्क दाट स्प्रूसच्या रानात बसलेलं असतं आणि चाळीस यार्डांवर अचानक उठून उभं राहतं. .३०० विन मॅगची (विन्चेस्टर मॅग्नमची) १८० ग्रेन वजनाची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे २,९६० फुटांनी निघते. चाळीस यार्डांवर तिचा वेग जवळजवळ तेवढाच असतो. त्या वेगाने ती खांद्याच्या हाडावर आदळली तर मऊ गोळीचा भुगा होतो. वरवर मोठी जखम दिसते, आत फुप्फुसापर्यंत काही पोचत नाही, आणि जनावर डोंगर चढून पलीकडच्या दरीत उतरतं.

ही काही नवी अडचण नाही. पुढे नोस्लर ही गोळ्यांची कंपनी काढणारे जॉन नोस्लर १९४६ साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात मूसच्या (एल्कहूनही मोठ्या हरणाच्या) शिकारीला गेले होते, हातात .३०० एच अँड एच मॅग्नम. चिखलाने माखलेल्या नराच्या अंगावर त्यांच्या गोळ्या फुटून गेल्या, खोल शिरल्याच नाहीत. घरी येऊन त्यांनी मधोमध पडदा असलेली गोळी बनवली. पुढचा अर्धा भाग फुलतो, झिजतो, तुटला तरी हरकत नाही. पडद्यामागचा अर्धा भाग शाबूत राहून पुढे घुसतो. ती पार्टिशन गोळी १९४८ पासून बाजारात आहे आणि अजूनही खपते. मॅग्नमच्या वेगाने गोळीपुढे जो प्रश्न उभा केला, त्याचं हे पहिलं नावाजलेलं उत्तर. नंतर आलेल्या बहुतेक गोळ्या त्याच प्रश्नाची आणखी उत्तरं आहेत.

प्रकार नेमके किती आणि फरक काय?

दुकानातली नावं पन्नास असली तरी घडण चार-पाच तऱ्हांचीच असते.

सगळ्यांत जुनी आणि स्वस्त म्हणजे तांब्याच्या पातळ कवचात नुसतं शिसं भरलेली साधी गोळी. रेमिंग्टनची कोअर-लोक्ट (१९३९ पासूनची), हॉर्नडीची इंटरलॉक, सिएराची गेमकिंग या सगळ्या याच घराण्यातल्या. हरणाला उत्तम. .३०-०६ च्या वेगात एल्कलाही चालते. मॅग्नममध्ये, जवळून आणि हाडावर, तिचा भरवसा धरू नये. कवच एकीकडे आणि शिसं दुसरीकडे जातं.

दुसरी बाँडेड. घडण तीच, फक्त शिसं कवचाला आतून घट्ट जोडलेलं असतं, त्यामुळे फुललं तरी सुटत नाही. नोस्लरची ॲक्युबाँड, स्विफ्टची सिरोको, फेडरलची टर्मिनल असेंट आणि ट्रॉफी बाँडेड टिप ही नावं लक्षात ठेवा. टोकाला प्लॅस्टिकची टोपी असते. हवेत ती गोळीला सडपातळ ठेवते आणि आदळल्यावर पाचरीसारखी आत शिरून फुलायला मदत करते.

तिसरी वर सांगितलेली पार्टिशन. स्विफ्टची ए-फ्रेम ही तिची दणकट बहीण: मधला पडदाही आहे आणि पुढचं शिसंही जोडलेलं आहे. पार्टिशनचं साधारण दोन-तृतीयांश वजन शेवटपर्यंत टिकतं, ए-फ्रेमचं नव्वद टक्क्यांच्या वर. ए-फ्रेमचं नाक बोथट असल्याने लांबवर ती लवकर मंदावते, पण तीनशे यार्डांच्या आत तिला तोड नाही.

चौथी अखंड तांब्याची, शिसं औषधालाही नाही. बार्न्सची टीटीएसएक्स आणि एलआरएक्स, हॉर्नडीची सीएक्स, नोस्लरची ई-टिप. आदळली की टोक चार-सहा पाकळ्यांत उघडतं आणि वजन जवळजवळ सगळं टिकतं. शिरकाव जबरदस्त. कमजोरी एकच: वेग उतरला की पाकळ्या नीट उघडत नाहीत, आणि मग ती पेन्सिलीसारखी बारीक भोक पाडून पलीकडे निघून जाते.

पाचवी लांब पल्ल्याची, पातळ कवचाची, मुद्दाम लवकर फुटणारी गोळी. बर्गरच्या हंटिंग गोळ्या आणि बऱ्याच अंशी हॉर्नडीची ईएलडी-एक्स या गटात. त्यांच्यावर वाद फार होतात, म्हणून वेगळा प्रश्न खाली घेतला आहे.

आणि फुल मेटल जॅकेट? ती शिकारीची गोळी नाही. फुलतच नाही. फळीवर खोकं दिसलं तरी हात लावू नका.

एकच नाव सांगायचं झालं तर?

.३०० विन मॅगला १८० ग्रेनची ॲक्युबाँड. जवळही टिकते, लांबही उघडते, बहुतेक रायफलींत नीट चालते आणि सहज मिळते. तुमचं रान दाट असेल आणि दोनशे यार्डांपलीकडे तुम्ही बार काढणारच नसाल, तर पार्टिशन घ्या आणि डोक्याला ताप करून घेऊ नका. घरात लहान मुलं हे मटण खाणार असतील, तर टीटीएसएक्स.

वजन किती ग्रेनचं घ्यावं?

७ एमएमला १६०, .३०० ला १८० ते २००, .३३८ विन मॅगला २१० ते २२५. ग्रेन हे फार लहान माप आहे, १८० ग्रेन म्हणजे पुरते बारा ग्रॅमही नाहीत. तांब्याची गोळी घेतलीत तर एक पायरी खाली उतरा: .३०० ला १६५-१६८, ७ एमएमला १४०-१५०. तिचं वजन झडत नाही, त्यामुळे सुरुवातीला कमी असलं तरी शेवटी तेवढंच उरतं. शिवाय हलकी असल्याने वेग जास्त मिळतो, आणि तांब्याला वेगाचीच गरज असते.

लांबच्या बारासाठी कोणती?

आधी अंतर विसरा आणि वेग बघा. प्रत्येक गोळीला फुलायला किमान एक वेग लागतो, आणि कंपन्या तो जाहीर करतात. नोस्लर पार्टिशन आणि ॲक्युबाँडसाठी सेकंदाला १,८०० फूट सांगतात; त्यांच्याच ॲक्युबाँड लाँग रेंजसाठी १,३००. तांब्याच्या बऱ्याच गोळ्यांना १,८०० ते २,००० लागतात.

आता हिशोब. १८० ग्रेनची ॲक्युबाँड २,९६० ने निघाली तर समुद्रसपाटीच्या हवेत ४०० यार्डांवर तिचा वेग साधारण २,२०० उरतो आणि ६०० वर १,९०० च्या आसपास. म्हणजे साडेसहाशेच्या सुमारास ती आपल्या मर्यादेला टेकते. एल्क राहतात त्या नऊ-दहा हजार फुटांवर हवा विरळ असते, तिथे थोडी आणखी सवलत मिळते. हीच गोळी २०० यार्डांवर झिरो केली, म्हणजे तिथे नेम धरला तिथेच लागेल अशी दुर्बीण लावली, तर ३०० वर सहा-सात इंच खाली पडते, ४०० वर दीड फुटाहून थोडी जास्त. हे आकडे तुमच्या रायफलचे नाहीत. नळी दोन इंच आखूड असली तरी वेग बदलतो, म्हणून क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) स्वतःचा वेग मोजा आणि मग गोळीचा मार्ग काढणाऱ्या कॅल्क्युलेटरमध्ये घाला.

गोळी साडेसहाशेला उघडेल म्हणून तुम्ही साडेसहाशेवरून बार काढावा असं होत नाही. बाकावर वाळूच्या पिशव्यांवर रायफल ठेवून साधलेला नेम आणि चढण चढून धाप लागलेली असताना, बॅकपॅकवर रायफल टेकवून साधलेला नेम यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. धाप लागलेल्या अवस्थेत दहापैकी दहा गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या गोलात बसतात ते तुमचं अंतर. बऱ्याच जणांचं ते तीनशेच्या आत असतं, आणि तीनशेच्या आत वरच्या चौथ्या प्रश्नातली कुठलीही गोळी चालते.

ईएलडी-एक्स आणि बर्गरबद्दल मतं इतकी टोकाची का?

कारण दोन्ही बाजूंनी पाहिलेलं खरं असतं. फुप्फुसात, बरगड्यांमधून, तीनशे-चारशे यार्डांवरून शिरलेली अशी गोळी आत फुटते आणि एल्क जागच्या जागी कोसळतं. ज्याने ते पाहिलं तो दुसरी गोळी घेणार नाही. तीच गोळी साठ यार्डांवर, समोरून तिरप्या उभ्या नराच्या खांद्यात घातली तर उथळ फुटू शकते. ज्याने ते पाहिलं तोही विसरत नाही. तुम्ही फक्त आडव्या उभ्या जनावरावर, मोकळ्या माळावर, थांबून बार काढणार असाल तर जरूर वापरा. रानात उतरणार असाल तर नको. माझं मत विचाराल तर मॅग्नममध्ये ती जड वजनातच घ्यावी, .३०० ला २०० ग्रेन किंवा वर.

गोळी आत राहिलेली बरी की आरपार गेलेली?

आरपार. 'आत राहिली म्हणजे सगळी ऊर्जा आतच खर्च झाली' हे वाक्य प्रत्येक कॅम्पात ऐकू येतं. पण एल्कची लव दाट, कातडं जाड, आणि वरच्या भोकातलं रक्त केसांतच जिरतं. खाली, पलीकडच्या बाजूला दुसरं भोक असेल तरच बर्फावर माग मिळतो.

तरीही राहिलेल्या गोळीतून शिकायला मिळतं. कातडं सोलताना पलीकडच्या बरगड्यांवर, कातड्याच्या आतल्या अंगाला कधी कधी बोराएवढी गाठ हाताला लागते. सुरीचं टोक लावलं की गोळी हातात येते. ती धुऊन वाळवा आणि काडतुसं भरताना वापरतात त्या काट्यावर ठेवा. १८० ची १२५ भरली आणि टोक छत्रीसारखं गोल उघडलेलं असलं, तर काम चोख झालं. हाती फक्त चेपलेलं रिकामं कवच आलं, शिसं कुठेच नाही, तर पुढच्या वर्षी खोकं बदला. मेलेलं जनावर समोर पडलेलं असलं तरी बदला.

एल्कला किमान १,५०० फूट-पौंड ऊर्जा हवी म्हणतात, ते खरं का?

तो ढोबळ ठोकताळा आहे, पाठ करायला सोपा म्हणून टिकून राहिला. एल्क मरतं ते दोन्ही फुप्फुसांना किंवा हृदयाला मोठं भोक पडून, आकड्याने नाही. पोटात घातलेल्या तीन हजार फूट-पौंडांनी रात्रभर माग काढायची वेळ येते. ऊर्जेचा रकाना सोडा, फुलण्याच्या वेगाचा रकाना वाचा.

कायदा गोळीबद्दल काय म्हणतो?

राज्याराज्यांत वेगळं, आणि नियमपुस्तिका दरवर्षी नवी निघते, तीच प्रमाण. कोलोरॅडोचं उदाहरण: एल्कसाठी गोळी किमान .२४ कॅलिबरची, किमान ८५ ग्रेनची आणि फुलणारी हवी, आणि १०० यार्डांवर तिची ऊर्जा १,००० फूट-पौंड हवी. कोणतीही मॅग्नम हे सहज ओलांडते. अडकतात ते 'फुलणारी' या अटीवर, स्वस्तातली फुल मेटल जॅकेट घेऊन आलेले.

कॅलिफोर्नियात मात्र १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाची काडतुसं पूर्ण बंद आहेत. तिथे शिकार करणाऱ्यांना तांब्यावाचून दुसरा रस्ता नाही.

हे शिशाचं प्रकरण खरंच गंभीर आहे की उगाच बाऊ?

कंडोर पक्ष्यांच्या बाबतीत तर वादाला जागाच नाही. शिकारी आतडी आणि खराब झालेलं मांस रानातच टाकतो, त्यात शिशाचे कण असतात, गिधाडवर्गी पक्षी ते खातात आणि विषबाधेने मरतात. ॲरिझोनाने कंडोर असलेल्या भागातल्या शिकाऱ्यांना बंदी न घालता शिसेविरहित काडतुसं फुकट द्यायला सुरुवात केली, आणि शिकाऱ्यांनी ती घेतली.

माणसांचं म्हणाल तर वेगाने फुटणाऱ्या गोळीचे कण जखमेपासून बरेच लांब उडतात, आणि डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक असतात. २००८ साली नॉर्थ डकोटात दान आलेल्या हरणाच्या मांसात शिशाचे तुकडे सापडल्यावर तिथल्या आरोग्य खात्याने अन्नछत्रांना ते टाकून द्यायला सांगितलं होतं. गरोदर बाई आणि लहान मुलं असलेल्या घरात मी तांब्याचाच आग्रह धरीन. शिशाची गोळी वापरलीच तर जखमेभोवतीचं काळं-निळं मांस हात आखडता न घेता कापून टाका. खिम्याला चालेल म्हणून ठेवू नका, कारण यंत्रातून निघताना तोच कण सगळ्या खिम्यात मिसळतो.

जाता जाता: तांब्याने मांस कमी नासतं हा फायदा कोणी बोलत नाही. पुढच्या खांद्याचा एल्कचा खिमा कांदा-खोबऱ्याच्या वाटणात फार छान होतो. फक्त चरबी अजिबात नसल्याने तेल नेहमीपेक्षा सढळ लागतं.

तांब्याची गोळी माझ्या जुन्या रायफलमध्ये चालेल?

चालेल, फक्त ट्विस्ट, म्हणजे नळीतला गोळीला फिरवणारा पीळ, बघा. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे त्याच वजनाची गोळी लांब होते, आणि लांब गोळी स्थिर ठेवायला नळीतला पीळ जास्त लागतो. .३०० विन मॅगला दहा इंचांत एक फेरा असतो, त्यात १८० पर्यंत काही अडत नाही. दुसरं म्हणजे, बदल करण्याआधी नळी तांब्याच्या सॉल्व्हंटने पांढरं फडकं निळं पडायचं थांबेपर्यंत साफ करा. नाहीतर पहिल्या खोक्यातल्या गोळ्या इकडेतिकडे जातात आणि दोष नव्या गोळीवर येतो.

सरावाला स्वस्त आणि शिकारीला महाग, असं चालेल?

सराव स्वस्तात करा, झिरो मात्र शिकारीच्याच काडतुसांनी करा. वजन सारखं असलं तरी दोन गोळ्या एकाच जागी बसत नाहीत. कधी शंभर यार्डांवर दोन-तीन इंचांचा फरक पडतो.

नेम कुठे धरायचा?

आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर, छातीच्या खालच्या तृतीयांशात. तिरपं असेल तर गोळी पलीकडच्या पुढच्या पायाकडे निघेल असा कोन धरा. ढुंगण करून उभं असेल तर थांबा, गोळी कुठलीही असली तरी. आणि पहिला बार लागला असं वाटलं तरी एल्क उभं आहे तोवर दुसरा काढा. साडेसातशे पौंडांचा नर एका फुप्फुसावर मैलभर चालू शकतो.

झटका फार बसतो, काय करू?

.३०० विन मॅगचा झटका .३०-०६ च्या सव्वा ते दीडपट असतो, .३३८ चा त्याहून जास्त. बार काढण्याआधीच डोळे मिटत असतील तर हा नाकापेक्षा मोती जड झालाय. मझल ब्रेक (नळीच्या टोकाला लावायचा, झटका कमी करणारा तुकडा) लावता येतो, पण आवाज इतका वाढतो की तुमचे आणि शेजाऱ्याचे कान झाकलेच पाहिजेत. हलकी तांब्याची गोळी घेतली तर झटका थोडा कमी होतो. नाहीच जमलं तर रायफल विकून .३०-०६ घ्या, यात कमीपणा काही नाही.

मी एच-वन-बी व्हिसावर आहे. काडतुसं विकत घेऊ शकतो का?

फेडरल कायद्यानुसार नॉनइमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि काडतुसं, दोन्ही जवळ बाळगायला मनाई आहे. अपवादांपैकी आपल्याला लागू पडणारा एक म्हणजे अमेरिकेतल्या राज्याने दिलेलं, मुदतीत असलेलं हंटिंग लायसन्स. लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपतो, आणि कपाटातलं एक काडतूससुद्धा अडचणीचं ठरतं. ग्रीन कार्डवाल्यांना हा नियम लागू नाही. व्हिसाचा मामला असल्याने खरेदीआधी वकिलाला विचारा. त्याची फी खोक्यापेक्षा महाग पडली तरी.

शिकारीनंतर लगेच भारतात जायचंय. काही काळजी?

अमेरिकेतल्या अमेरिकेत चेक-इन सामानात, नीट खोक्यात, काउंटरवर सांगून काडतुसं नेता येतात. विमान कंपन्यांची मर्यादा साधारण पाच किलोची असते. भारताच्या बाबतीत मात्र एकही नको. जॅकेटच्या आतल्या खिशात किंवा बॅकपॅकच्या तळाशी राहिलेलं एक काडतूस मुंबई-दिल्लीच्या स्कॅनरवर दिसलं की १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो. जाणूनबुजून बाळगलेलं नव्हतं हे पटल्यावर उच्च न्यायालयांनी असे गुन्हे रद्द केले आहेत, पण तोवर सगळी रजा कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यात जाते. रिकाम्या पुंगळ्याही आठवण म्हणून नेऊ नका. शिकारीची बॅग आणि जॅकेट प्रवासाला वापरूच नये, आणि वापरायचीच असेल तर सगळे कप्पे उलटे करून, दिवा लावून तपासा.